मराठीत टाकलेलं नाव

न्हाई, म्याडम न्हाईत आज. बीडला गेल्यात, उद्या येतेन. म्हून काय दुकान बंद हाय का काका? मी हाय की. बसा. आधी तो डब्बा मांडीवरनं खाली ठिवा — नेकनूरपसून अंबाजोगाईपर्यंत चादरीत गुंडाळून मांडीवर आणलाव, लेकरू आणल्यावानी. वळखलं मी तुमाला, राधाकिशन काका, वळखणार न्हाई का? हे मशीन मीच जोडून दिलंय, तीन वर्षं होत आली. भायेर बोर्डावर काय लिवलंय? परमेश्वर कॉम्प्युटर्स. परमेश्वर म्हंजे मी. तरी माणूस पायरी चढला की पैला सवाल काय — म्याडम हायत का? मपल्या दुकानात मीच पावना झालो. चहा घेताव? बिनसाखरेचा सांगतो, तुमची साखर माहीत हाय मला.

हां, सांगा. बसचा गेम. गाडी चालवताव, डेपोत लावताव, सेव्ह म्हंताव — अन् दुसऱ्या दिवशी उघडलं की शून्य किलोमीटर, नवा ड्रायव्हर, नाव टाका. जुनं सगळं गायब. बरं. अन् हे कवापसून? ... बारा दिवस. पक्कं बाराच? ... न्हाई, काय न्हाई, आपलं इचारलं. बारा तर बारा. परत परत चालू करून बघितलं का? नका करू तसं. गेलेल्या फायलीच्या जागेवर नवी फाईल बसली की जुनी हातची गेली, म्हून गेम उघडायचाच न्हाई. हे मलाबी कळतंय, निस्तं तिलाच कळतंय असं न्हाई. हे बगा, पुसलेल्या फायली हुडकायचं साफ्टवेअर लावलं. ही हिरवी पट्टी इकडून तिकडं गेली की सापडलं. अर्धा तास लागंल.

तुमचं काय गेलंय ते ठाऊक हाय मला. मागं तुमी तिला सांगत होताव, मी तिथं किबोर्ड पुसत होतो, कान काय पुसायला घेतले नव्हते. बावीस वर्षं एसटी चालवली, गाडीला एक खरचटा न्हाई. पंचवीस झाली की बिल्ला मिळतो, विनाअपघाताचा. अन् तीन वर्षं ऱ्हायली तवा डोळ्याला साखरेनं धरलं, स्टेरिंग काढून घेतलं, डेपोत हजेरी लिवायला बसवलं. मंग ती ऱ्हायलेली तीन वर्षं तुमी घरी बसून या डब्ब्यावर काढायलाव — रोज सकाळी साहाला खाकी शर्ट घालून, सुट्टी बी लिवून ठेवताव. गेममधला रस्ता जर्मनीचा, पर तुमी पैल्या स्टॉपला नेकनूर म्हणताव. अडीच वर्षं झाली, एक धक्का न्हाई कुटं. साहा महिने ऱ्हायलेत. आता दुसरा कुणी म्हणंल, करा की काका पुन्यांदा चालू, गेमच हाय. मी न्हाई म्हणणार. तुमचं आता वय काय, डोळे काय... न्हाई म्हणणार मी तसं.

ती ऐकत होती तुमचं, तोंडाला पदर लावून. तिला हे जमतं बगा. मला न्हाई जमत. मी म्हणतो काय बिघडलं, कवा बिघडलं, ठिवा तिथं, परवा या. ती इचारते, तुमी काय चालवताव, गाडीचा रंग कोणता केलाव. अन् माणूस पाघळतो. तुमीबी पाघळलाव की. खरं सांगा, मी एकटा असतो तर सांगितलं असतं का बिल्ल्याचं? ... बघा. मान हालवू नका, मला कळतंय.

कुणी शिकवलं पर तिला? लग्न होऊन आली तवा माऊस धरता येत न्हवता. उमापूरची, बारावी झालेली, बाप ऊसतोडीला मुकादमाच्या टोळीत, साहा महिने कोयता घेऊन कारखान्याला. मी तिला या खुर्चीवर बसवलं, पडद्यावर तिचं नाव टाकलं — मराठीत, करिष्मा — म्हणलं वाच. लई खूश झाली, दोन दिवस तेवढंच बघत होती. तवापसून मी कायदाच केला, या दुकानातून मशीन भायेर जाईल तर मालकाचं नाव आत मराठीत असंल. माणसानं बटण दाबलं की सामने त्याचं नाव, त्याला वाचता येईल असं. राधाकिशन. दगडाबाई सरपंचीण. भवानी टाइपिंग. अख्ख्या तालुक्यात असं करणारा मी एकटा. हाय की न्हाई शान?

मंग मला कावीळ झाली. महिनाभर पडून. ती बसली दुकानात. आन् मी उठून आलो तर माणसं बदललेली. मेडिकल कॉलेजची पोरं येतेत ना, डॉक्टरकीची, ते रातरात गेम खेळतेत, त्यांचं कायबी झालं की — म्याडम. म्याडम, गेम सेव्ह होईना. म्याडम, माझी लेव्हल गेली. मी सामने बसलेला, ते माझ्या डोक्यावरून तिला बोलायलेत. आता बीडला कुण्या शाळेची लॅब बसवायची हाय, पत्र आलं. लिफाफ्यावर नाव काय? सौ. करिष्मा परमेश्वर. माझं नाव हाय त्याच्यात, न्हाई असं न्हाई, पर कुटं हाय? मागं हाय. मी म्हणलं मी येतो संगं, स्क्रू पिळायला. ती म्हणली दुकान कोण बघंल. बरोबर हाय तिचं. लई बरोबर असतं तिचं.

जळतो का म्हणताव? जळतो. खोटं कशाला बोलू. दुसऱ्याची बायको असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. रातच्याला ती झोपते, मी आढ्याकडं बघत पडतो — हिला हे कावून येतं अन् मला कावून येत न्हाई? दहावीपसून हेच करायलोय मी. बाईमाणूस पुढं जाऊ नये असलं काय न्हाई माझं, आमच्या घरात तसलं न्हाई. पर मी शिकवलेलं माणूस मलाच हळूच, दुसऱ्याच्या ध्यानात येऊ न देता, दुरुस्त करतंय, हे न्हाई गिळत. ओरडली असती तर गिळलं असतं.

आता तुमाला आतली गोष्ट सांगतो, पर कुटं बोलू नका. हे गेम सेव्ह न होण्याचं कारण काय हाय माहीत हाय का? नाव. ते मराठी नाव. मशीनमधी तुमच्या नावाचं फोल्डर असतं, गेम आपलं किलोमीटर तिथं लिवून ठेवतो. औंदाच्या उन्हाळ्यात गेमचं नवं अपडेट आलं अन् त्याला आपली अक्षरं वाचता येईनात. राधाकिशन म्हणलं की त्याला दिसतात निस्ते चौकोन. जागाच सापडत न्हाई, मंग लिवतो कुटं? हवेत. हे शोधलं कुणी — तिनंच. अन् मला सांगितलं न्हाई. मला वाईट वाटंल म्हून. एकेक गिऱ्हाईक आलं की ती गपचूप नवं खातं इंग्रजीत काढायची, सगळं तिकडं हलवायची, अन् गिऱ्हाईकाला सांगायची व्हायरस होता. व्हायरस म्हंजे मी, काका. मला कळलं तवा तीस-चाळीस मशीनवरनं मपलं मराठी गेलतं. लई भांडलो. म्हणलं तू मपलं नाव खोडायलीस. ती म्हणली, तुमचं न्हाई, त्यांचं खोडलं, त्यांचं काम चालावं म्हून.  भाकर न खाता झोपलो.

तुमचं बी तिनं बदलून दिलतं तवाच. चांगलं चाललं होतं की न्हाई सहा महिने? ते तर मीच परत दिवाळीच्या आधी, तुमी फ्यान साफ करायला —

चहा आला. घ्या. गरम हाय, सांभाळून.

काय म्हणलो मी? काय न्हाई, फ्यानचं म्हणलो. धूळ लई होती फ्यानमधी. पट्टी बगा, निम्मी झाली. थांबा, फोन. तिचाच हाय. ... हां बोल. ... हां, जेवलो. ... न्हाई गं, कुणी न्हाई आलं. ... नेकनूरचे? न्हाई बा, राधाकिशन काका न्हाई आले. कावून, तुला कुणी सांगितलं? ... त्यांनी सकाळी फोन केलता व्हय तुला. ... आले तर सांगतो. ... काय सांगू म्हणलीस? ... न्हाई, ऐकू येईना, रेंज न्हाई. ठिव.

असं बघू नका काका.

तुमी शिव्या द्या, पर असं बघू नका. ऐकलंच तुमी, आता लपवून काय उपेग. बारा दिवसांमागं तुमी मशीन फ्यान साफ करायला आणलं, ती माहेरी गेलती. मी चालू केलं, सामने नाव आलं, इंग्रजीत. मी लावलेलं राधाकिशन कुटं गेलं? डोकं सटकलं मपलं. नवं खातं काढलं, मराठीत नाव टाकलं, तुमचे भजनाचे, नातवाचे, सगळे फोटू-बिटू तिकडं घेतले, अन् जुनं खातं काढून टाकलं. त्यानं इचारलं मला — यातल्या फायली ठेवायच्या का काढायच्या? मी म्हणलं काढ. म्हणलं तिचं हाय ते सगळं, काढ. गेमचं किलोमीटर त्याच्यात असतं हे मला तवा ठाऊक न्हवतं. खरंच ठाऊक न्हवतं, देवीची आन. गेम आपलं कुटं ठेवतो ते तिला ठाऊक, मला ती माहेरावरनं आल्यावर भांडणात कळलं. तुमची अडीच वर्षं मी एका बटनात, तिच्यावर राग म्हून... तुमच्यावर न्हवता वं राग. तुमी तर मधीच सापडलाव.

पट्टी भरली. बगा, हे सापडलं, तुमचंच हाय, हे गाडीचं चित्र, लाल रंग. पर आकडा बगा. शून्य. आतून पोकळ हाय. जागेवर दुसरं कायतरी बसलंय. रोज सकाळी साहाला तुमी गेम उघडलाव ना, तेच बसलंय. न्हाई, तुमची चूक न्हाई. तुमाला कोण सांगणार होतं.

अजून एक हाय. सांगू का नको, मघाधरनं तेच चाललंय डोक्यात. हे कपाटातलं काळं डबडं दिसतंय का? ती जे मशीन हातात घेते, आधी त्याची एक नक्कल याच्यात काढून ठेवते. मला तिनं कवा सांगितलं न्हाई, मीच बघितलं. तुमचं असंल याच्यात, उन्हाळ्यापर्यंतचं तरी. सहा महिने जातील तुमचे, दोन वर्षं वाचतील. पर त्याला कुलूप हाय, पासवर्ड. तुमी यायच्या आधीच, सकाळी दुकानच्या फोनवर तुमचा मिस कॉल बघून मला शंका आली, तवा मी दोनदा टाकून बघितलं. आधी मपलं नाव टाकलं. न्हाई उघडलं. मंग लेकीचं टाकलं, आरोही. न्हाई उघडलं. आता एकदाच टाकता येतं, चुकलं तर कायमचं बंद. नाव टाकू म्हणताव कुणाचं? मला ठाऊक असतं तर दोनदा चुकलो असतो का? तिच्या मनात कोणतं नाव हाय ते मला अंदाजानं सांगता येत न्हाई, सोळा वर्षं झाली लग्नाला.

मंग काय, तिलाच इचारायला पायजे. आता तुमी फोन लावा म्हणताव. तुमी लावू नका, तुमी लावला तर ती तुमाला सांगंल, गोड बोलून सांगंल, मंग मी हिथं कशाला हाय? मीच लावतो. इचारतो, काका आलेत म्हणतो, बारा दिवसांमागं मी काय केलं तेबी सांगतो. सगळं सांगतो. मघाचं खोटं बी.

पर तुमी जरा भायेर जाऊन बसा. त्या बाकड्यावर. तुमाला सांगितलं, पर तिला इचारताना मला कुणी बघू नये. उठा काका. ग्लास ऱ्हाऊ द्या तिथंच, अन् जाताना दार लोटून घ्या.