चिंध्यांचं घर

दौंड स्टँडवर जालिंदररावांनी पेपर उघडला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथं नर्सिंग शिकलेली नात जर्मनच्या परीक्षेला पुण्याला निघाली होती आणि आजी तिची उजळणी घेत होती.

"खुर्चीला कंची चिंधी बांधलीय?"

"निळी. म्हंजी डेर. खुर्ची तिकडं पुरुष हाय."

"दार?"

"लाल. डी. बाई."

"आन् खाट?"

"हिरवी. दास. धड बाई न्हाई, धड पुरुष न्हाई."

"म्हणून तुला बघायला आलेले पाहुणे खाटंवर टेकंनात व्हय?"

"आजी, घरभर चिंध्या बघून त्यांना करणी वाटली. अभ्यास हाय म्हणून सांगायचं की."

"सांगणारच व्हते. तवर चहा न घेता गेले."

"आई म्हणतीय, आता सोडा समद्या. रविवारी मांडवगणचे बघायला येणार हायेत."

"येऊ दे."

"आन् मी नापास झाले तर? जर्मनी ऱ्हाईल, मांडवगणला जावं लागंल."

"पुन्यांदा बसायचं. मी हाय तवर एक चिंधी सुटत न्हाई. गाडी लागली बघ, चल. आन् उंबरा ऱ्हायलाय, त्याला कंची?"

"लाल."

"बरं. रस्त्यावरनं दिसंल अशी मोठी बांधते."