दगा बोरसे यांना पाजलेल्या पाण्याबाबत

नाव मालतीबाई गोपाल बोरसे, वय ४१, धंदा घरी साड्यांचे धागे कापणे, राहणार पांडेसरा, सुरत. तारीख १० फेब्रुवारी १९९६.

मला गुजराती वाचता येत नाही, म्हणून जमादारांनी जबाब मराठीत घेतला. मी समक्ष सांगते की, मयत दगा बोरसे, वय ७४, हे माझे सासरे. दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. तेव्हापासून गिळताना ठसका लागे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की ताठ बसवा, हनुवटी खाली घ्यायला लावा, नुसतं पाणी देऊ नका, सगळं दाट करून अर्धा-अर्धा चमचा द्या. मी ज्वारीच्या पिठाची राब, म्हणजे दाट पेज, देत असे. एका वाटीला पाऊण तास लागे. तीन महिने हे मी एकटीनं केलं.

काल सकाळी माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, राघो अमळनेरहून आले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच. सोबत आत्यासासू उषाबाई आणि भाऊबंद, एकूण नऊ माणसं. नऊच्या नऊ जाणकार.

दहाच्या सुमारास मी धागे कापलेल्या साड्या शेठकडे पोचवायला गेले. त्याआधी सासऱ्यांनी वाटीभर राब संपवली आणि मीठ कमी म्हणून मला शिव्या दिल्या. मरणारा माणूस मिठावरून भांडत नाही.

अकराला परतले तर सासऱ्यांना खाटेवरून भुईवर उतरवून उताणं निजवलं होतं. उषाबाईंच्या मते त्यांचे डोळे फिरले होते. ते जेवल्यावर रोजच झोपत. एकेक जण गंगाजलाचा चमचा तोंडात घालत होता. मी आले तेव्हा सहावा चालू होता. सासरे ठसकत होते. जेठ म्हणाले, "जीव अडकी गया. आखो पानी टाका." म्हणजे अजून पाणी घाला. मी धावले तर उषाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तीन महिना उपाशी ठेवा तू. आते तरी पेऊ दे त्याले." मी हात सोडवून सासऱ्यांना बसवेपर्यंत ओठ निळे पडले होते. रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथे मयत सांगितलं.

सुनेनं तहानेनं मारलं, अशी जेठांची तक्रार आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात पाणी गेलं. तहानेनं मेलेल्याच्या फुप्फुसात पाणी कुठून आलं, हे जेठांनाच विचारावं. पुण्य नऊ जणांचं आणि पाप माझ्या पदरात, हा कुठला न्याय?

माझे पती गोपाल रात्रपाळी करून घरीच होते. डॉक्टरीणबाईंनी सगळं त्यांच्यासमोर सांगितलं होतं. दुसरा चमचा त्यांनी घातला. मी विचारलं तर म्हणाले, "समदा टाकी राहिंथात, मंग मी काय करू?" बाकीच्यांचा मला राग आहे. यांच्या वागण्याचं मला वाईट वाटतं.

घरचा माणूस आहे, नाव घालायचं का, असं जमादारसाहेबांनी मला दोनदा विचारलं. घालायचं, असं मी दोनदा सांगितलं.

जबाब मला वाचून दाखवला. वाचताना जमादारांनी पतीचं नाव गाळलं. ते मी परत मोठ्यानं वाचायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : मालतीबाई गोपाल बोरसे