मास्तर तेवढे उरले

हॅलो?… हां मृणाल, सापडलं! आजोबांच्या लहानपणीच्या पिक्चरचं रीळ सापडलं, माळ्यावर, डब्यासकट!… काय? स्पीकरवर आहे? आजोबा ऐकतायत?… मग नाही सापडलं. मी कुठे म्हणालो सापडलं?… आधी वॉर्डच्या बाहेर ये.

आलीस?… अगं ऐक ना. डबा आहे. आत रीळ आहे, पण वीतभर.… वीतभर म्हणजे वीतभर! बाकीचं आजीने वाटलं.… हो, आपली आजी. ऐंशीच्या ग्रहणाला. सूर्य बघायला विठ्ठलवाडीच्या चाळीत एक्सरे पुरेनात, म्हणून पिक्चर कापला.… सरोजआत्या सांगतेय ना इथे बसून, कात्री तिच्याच हातात होती. रडतेय, आणि मला पोहे वाढतेय.

…आजोबा ड्युटीवर गेलेले! नंतर सांगणार कोण? डबा बंद करून वर टाकला.

हो, हो… माहितीये त्यांना काय हवंय. धाकूचं हसणं. भावाचा साधा फोटो नाही त्यांच्याकडे. पिक्चरमध्ये काम केलं आणि तापाने गेला, नऊ वर्षांचा. तेच सांगतोय… पोरं वर्गाच्या खिडक्या लावून अंधार करतात, मास्तरांच्या पगडीत बेडूक सोडतात, आणि धाकू हसतो. तोच सीन काळाकुट्ट. सूर्याला काळंच लागतं, म्हणून पहिला तोच गेला. आवाज पण त्याच पट्टीच्या काठावर असतो ना… अख्ख्या चाळीने धाकूच्या तोंडातून ग्रहण बघितलं, मृणाल.

…उरलंय काय? मास्तर. उजेडात. छडी घेऊन.

…काय? मी हसू? धाकू म्हणून?… अगं बत्तीस वर्षांचा आहे मी, टक्कल पडलंय… हो, हो, फोनवर दिसत नाही… बरं. लाव त्यांच्या कानाला.

आजोबा? सिद्धेश बोलतोय. रीळ लावलंय हां, ऐका… ही ही ही… हाहा… हा…

हॅलो?… मृणाल? काय म्हणाले?… ‘हा धाकू नाही, हे मास्तर आहेत’?

…आणि आता?… तोंड भिंतीकडे. बरं.

नाही, रडत नाहीये. पोहे तिखट आहेत.

लिहून घे. चाळ पाडली, पण चाळीचा ग्रुप आहे ना… टाक त्यावर: ‘समस्त माजी भाडेकरूंस कळविण्यात येते की, सन १९८०च्या ग्रहणाकरिता आपण नेलेला धाकू, हसण्यासह, शहाडच्या हॉस्पिटलात तातडीने जमा करावा. सूर्य परत करण्याची आवश्यकता नाही.’