एकमताचं पाचारण

लोर्ना : बस गाडीत. दार लाव. आणि आता तोंडातून एक शब्द काढू नकोस.

ऑर्विल : मी कुठे बोलतोय?

लोर्ना : आता नाही बोलत! जिथे गप्प बसायचं तिथे उभा राहून भाषण ठोकलंस.

ऑर्विल : भाषण कसलं, एक वाक्य. त्यांचा वॉर्डन, म्हणजे मंडळीचा कारभारी, म्हणाला, नवे पाहुणे असतील त्यांनी उभं राहावं, कुठून आलात, कशासाठी आलात ते सांगावं. मी सांगितलं.

लोर्ना : "आम्ही कॉपर बे गावच्या सेंट पिरान चर्चचे. तुमच्या पाळकबाई आम्हाला चालतील का ते बघायला आलोय." भर उपासनेत, ऑर्विल! तुझ्या पुढच्या म्हातारीच्या हातातलं गीतपुस्तक पडलं.

ऑर्विल : मग काय चर्चमध्ये खोटं बोलू?

लोर्ना : खोटं नाही. "पानगळीचे रंग बघायला आलो." बिशपच्या ऑफिसातल्या बाईने शिकवलं होतं ना आपल्याला? दोघांनीच जायचं, लांब लांब बसायचं, कोणी विचारलं तर पानगळ. तिच्या मंडळीला ठाऊक नसतं की आपली पाळकबाई दुसरीकडे जायचं बघतेय. कळलं तर तिचं इथलं दाणापाणी संपतं. म्हणून हे सगळं गुपचूप.

ऑर्विल : स्थळ बघायला जायचं आणि घरच्यांना म्हणायचं, वाट चुकलो.

लोर्ना : हो! तसंच! आपल्या एपिस्कोपल पंथाची सगळी चर्चं असंच करतात.

ऑर्विल : सगळी मिळून करतात म्हणून ते शहाणपण होत नाही. चाळीस वर्षं मी हॉकीचा पंच होतो. दिसलं की शिट्टी वाजवली. पानगळ बघत बसलो नाही.

लोर्ना : आज शिट्टी आपल्याच गोलावर वाजवलीस, ऑर्विल. दोन वर्षं झाली आपल्याला पाळक नाही. फादर डाल्टन निवृत्त झाले, राहतात समोरच्याच गल्लीत, पण नियम म्हणजे नियम. जुन्या पाळकाने लुडबुड करायची नाही. तुझ्या बहिणीला पुरायला सुद्धा त्यांना बोलावता आलं नाही.

ऑर्विल : ते मला सांगू नकोस.

लोर्ना : सांगते. हंगामी पाळक आले, लोकांना आवडले, त्यांनाही ठेवून घेता येत नाही, तोही नियम. तिघांशी बोलणी झाली. एकाला नुसत्या मासेमारीत रस, दुसऱ्याच्या बायकोला आपली थंडी नको. राहिली ही. आणि बिशप काय म्हणालेत? नाताळाआधी पाळक ठरला नाही तर सेंट पिरान शेजारच्या गावाला जोडणार. एक पाळक, दोन चर्चं, पंधरा दिवसांतून एक रविवार. पाच वर्षांत दाराला कुलूप. खाण बंद झाली, शाळा गेली, आता हेही घालव.

ऑर्विल : ती येतेय.

लोर्ना : कोण?

ऑर्विल : पाळकबाई. झगा काढला नाही अजून. चाल बघ. रागावलेली आहे.

लोर्ना : देवा. तू बोलू नकोस. मी बोलते.

इंग्रिड : काच खाली करा. मी इंग्रिड लुंडीन. तुम्हाला माहितीच आहे म्हणा, तुम्ही मला बघायलाच आलात.

लोर्ना : रेव्हरंड, मी लोर्ना ट्रेगियर, सेंट पिरानची वॉर्डन, पाळक-शोधसमितीची प्रमुख. जे झालं त्याबद्दल कोणत्या तोंडाने—

इंग्रिड : तुमचं तोंड नंतर. हे कोण?

ऑर्विल : ऑर्विल पेंगेली. उभा राहिलो तो मी.

इंग्रिड : माफी मागायची आहे?

ऑर्विल : तुमची मागतो. तुमचं नुकसान झालं. बोललो त्याची नाही मागत.

लोर्ना : ऑर्विल!

इंग्रिड : थांबा, लोर्ना. आत हॉलमध्ये माझी मंडळी कॉफी पितेय. मी सगळ्यांमधून फिरून आले. काय म्हणाले असतील?

लोर्ना : चिडले असतील.

इंग्रिड : चिडले असते तर बरं होतं. "सुंदर प्रवचन, इंग्रिड." "फुलं किती छान आज." एकाने विचारलं नाही, बाई, तुम्ही चाललात का? माझा वॉर्डन माझ्याकडे पाठ करून केक कापत होता. सहा वर्षं मी ह्यांची लेकरं बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवली, म्हातारे मातीत ठेवले. आणि हे केकवर बोलतात. बाहेर पार्किंगमध्ये बोलतील आता, माझ्यामागे. हे त्यांचं खरं चर्च. पार्किंग.

ऑर्विल : आत्ता आपण आहोत, तेच पार्किंग.

लोर्ना : तू गप्प बस.

इंग्रिड : नाही, त्यांना बोलू द्या. लोर्ना, तुमचं माहितीपत्रक मी वाचलंय. "स्नेहाळ, उत्साही, कुटुंबासारखी मंडळी." प्रत्येक चर्चच्या पत्रकात हेच असतं. वधू-वर मंडळात सगळ्याच मुली गृहकृत्यदक्ष असतात तसं. मला एक विचारायचंय, पत्रकात नाही ते. तुम्हाला पाळकाचा राग आला की तुम्ही काय करता?

लोर्ना : आम्ही... बसून, प्रार्थनापूर्वक विचारविनिमय करून—

इंग्रिड : ऑर्विल?

ऑर्विल : बाकीचे स्वयंपाकघरात कुजबुजतात. पास्टी, त्या बटाटा-मांसाच्या करंज्या, करायच्या दिवशी जास्त. बायका कणीक लाटतात, पुरुष बटाटे सोलतात आणि दोघं मिळून पाळकाला सोलतात. मी तोंडावर सांगतो. म्हणून मला कोणी जेवायला बोलवत नाही.

इंग्रिड : मग आत्ता सांगा. आज मला ऐकलंत. काय खटकलं?

लोर्ना : उत्तर देऊ नकोस.

ऑर्विल : प्रवचन चांगलं. लांब होतं. शेवट दोनदा आला. पण एक विचारतो. आमच्याकडे रविवारी सकाळी आठ वाजता जुन्या इंग्रजी भाषेतली उपासना होते. गाणी नाहीत, बाजा नाही. माझ्या आजोबांनी म्हटली तीच वाक्यं. आठ-दहा माणसं येतो. ती ठेवणार का?

इंग्रिड : नाही.

लोर्ना : म्हणजे त्यांना म्हणायचंय की विचार करून—

इंग्रिड : मला "नाही"च म्हणायचंय. तुमची मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आणि त्यातही दोन तुकडे? आठ वाजता येणारे दहाच्या मुख्य उपासनेच्या लोकांना ओळखत नाहीत. मी आले तर एकच उपासना, सगळे एकत्र. वाटल्यास महिन्यातून एकदा जुनी भाषा, सगळ्यांसाठी.

ऑर्विल : मग कार्यकारिणीत माझं मत तुमच्या विरुद्ध.

इंग्रिड : ठीक.

ऑर्विल : नुसतं ठीक?

इंग्रिड : आणखी काय हवं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, तुम्ही सांगितलंत. सहा वर्षांत माझं एवढं सरळ बोलणं कोणाशी झालं नाही. लोर्ना, माझं नाव मी मागे घेत नाही. मंगळवारी तुमच्या कार्यकारिणीला काय ठरवायचं ते ठरवू द्या. आता जाते. केक संपायच्या आत मलाच विषय काढायचाय. त्यांना जमणार नाही.

(मंगळवारी संध्याकाळी, सेंट पिरानच्या हॉलला लागून असलेली पाळकांची रिकामी खोली. कार्यकारिणीची बैठक भिंतीपलीकडे थांबलेली.)

लोर्ना : दार लोटून घे. ते ऐकतायत.

ऑर्विल : ऐकू दे.

लोर्ना : आठ विरुद्ध एक. नऊ माणसांत एक. ऑर्विल, मी तुला ती बाई आवडून घे म्हणत नाही. तुझं मत पडलं, नोंद झाली, झालं. आता मी दुसऱ्यांदा मत टाकायला लावते. तू हो म्हण. मग पाचारणाच्या पत्रात "एकमताने" लिहिता येईल. सगळीकडे असंच करतात. फादर डाल्टनच्या वेळी आपणच केलं.

ऑर्विल : तेव्हा विरुद्ध कोण होतं?

लोर्ना : मला काय ठाऊक?

ऑर्विल : मलाही नाही. तेच म्हणतोय.

लोर्ना : अरे पण पाळकांना शिकवूनच पाठवतात, मतं फुटलेली असली तर जाऊ नका! आठ-एक ऐकून ती नाही म्हणाली तर? दुसरं नाव नाही आपल्याकडे. बिशप वाट बघतायत. तुला आठची उपासना वाचवायचीये, आणि तिच्यापायी दहाची पण बुडणार. तुझी आठ-दहा माणसं कुठे बसतील मग, बर्फात?

ऑर्विल : उपासनेसाठी नाही अडवत मी. हरलो तिथे. आठ मतं म्हणजे हरलो. उद्यापासून ती पाळक, मी मंडळी, संपलं. पण मी हो म्हटलं असं कागदावर लिहायचं नाही. मी म्हटलेलं नाही.

लोर्ना : एका शब्दासाठी चर्च घालवशील.

ऑर्विल : तो एकच शब्द खोटा आहे. चर्च एवढं लेचंपेचं झालं असेल तर ते माझ्या हो-ने टिकणार नाही, लोर्ना. लाव फोन.

लोर्ना : लावते, स्पीकरवर. आणि तू तोंड उघडलंस तर फोन तुझ्याच डोक्यात घालीन. ...हॅलो? इंग्रिड? लोर्ना बोलतेय. हो, बैठक आत्ताच. सेंट पिरानच्या कार्यकारिणीने तुम्हाला आमच्या पाळक म्हणून पाचारण केलंय. बिशपांची संमती घेऊ, ती औपचारिक.

इंग्रिड : आभारी आहे. एकमताने?

लोर्ना : नाही. आठ विरुद्ध एक. मी एकमत करून घेणार होते. जमलं नाही. आता जमवणारही नाही.

इंग्रिड : तो एक जण तिथेच आहे का?

लोर्ना : मतदान गुप्त असतं, मी नाव—

ऑर्विल : आहे. मीच.

इंग्रिड : आठच्या उपासनेमुळे?

ऑर्विल : आठच्या उपासनेमुळे. प्रवचन पण लांब.

लोर्ना : इंग्रिड, तुम्ही आज उत्तर देऊ नका. प्रार्थना करा, दोन दिवस घ्या. तुमच्याकडे काय झालं रविवारी ते तरी—

इंग्रिड : त्यांनी केक घरी पाठवला. वर साखरेने लिहिलं होतं, "शुभेच्छा." मी उभी राहून त्यांना सांगितलं, हो, मी बोलणी करतेय, अजून काही ठरलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी राहा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात केक. लोर्ना, ह्या मंडळीने मला एकमताने बोलावलं होतं. पत्र अजून आहे माझ्याकडे. विरुद्ध मत कोणाचं होतं ते कळायला मला चार वर्षं लागली. तोपर्यंत तो माणूस माझा वॉर्डन झाला होता.

लोर्ना : म्हणजे तुम्ही...

इंग्रिड : त्या चार वर्षांत मी काय काय बदललं स्वतःत, कोण रुसलंय ते शोधत! तुम्ही मला पहिल्या दिवशीच नाव-गाव दिलंत. पत्रात आठ विरुद्ध एक असंच लिहा. मी येते.

लोर्ना : येता?

इंग्रिड : येते. आठची उपासना मात्र बंद होणार. ऑर्विल, ऐकताय ना?

ऑर्विल : ऐकतोय. पहिल्याच रविवारी?

इंग्रिड : नाही. पहिल्या रविवारी आठला मी स्वतः येईन. तुमच्या माणसांना तोंडावर सांगायला. तुम्ही पण या, भांडायला कोणीतरी लागेल.

लोर्ना : तो येईल. नाही आला तर मी ओढत आणते.

ऑर्विल : मी पावणेसातला येतो. बॉयलर पेटवून तास झाल्याशिवाय बाकं गरम होत नाहीत.