हिरवं बटण कोणी दाबलं, याबाबत

पुरवणी जबाब

नाव: कागदावरचं नाव पहिल्या जबाबात दिलं आहे. गल्लीत 'मास्तरांची आई' म्हणतात. वय: अंदाजे अठ्ठ्याहत्तर. शिक्षण: नाही. धंदा: घरकाम. राहणार: शाळेच्या मागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला, जिना बाहेरून.

मी समक्ष ठाण्यात येऊन, कोणी न बोलावता, सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा मुलगा असे दोघे राहतो. मुलाचं वय छप्पन. तो त्याच शाळेत एकोणतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवतो. सून सहा वर्षांपूर्वी वारली. नात बाहेरगावी शिकते; ती शुक्रवारी आली, आत्ता माझ्या शेजारी बसली आहे. माझा मुलगा शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेत जातो म्हणून निघाला. तो वर्गावर हजर झाला नाही व आज सोमवारपर्यंत घरी आला नाही. नातीने तक्रार दिली तेव्हा माझाही जबाब झाला. 'घरात काही घडलं होतं का' असं विचारल्यावर मी 'काही नाही' असं सांगितलं होतं. ते उत्तर चुकीचं आहे. तेव्हा मला ते बरोबर वाटत होतं. म्हणून हा दुसरा जबाब.

मी बोलते तसंच लिहावं, मध्ये सुधारू नये, असं लिहून घेणाऱ्या हवालदारांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "आजी, मुद्द्याचं बोला." मी म्हटलं, "मुद्दा जिना चढतोय बाबा. माझ्याच वयाचा आहे."

या वर्षी सगळ्या शिक्षकांना फोनवरून साठ तासांचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. वर्गात फळ्याच्या जागी मोठा पडदा बसणार आणि मुलांच्या हातात पाटीएवढे पडदे येणार, ते कसे वापरायचे याचं. माझ्या मुलाचा त्याला विरोध नव्हता, हे नीट लिहून घ्यावं. पडद्यावर अक्षर सावकाश काढून दाखवता येतं, आणि पोरं म्हणतील तितक्या वेळा दाखवता येतं, हे त्याला फार आवडलं होतं. "आई, माझा खांदा दुखतो. त्या पडद्याचा दुखणार नाही," असं तो म्हणाला होता.

प्रशिक्षण म्हणजे फोनमध्ये एक बाई बोलते. दर दहा मिनिटांनी थांबते आणि विचारते, "आपण उपस्थित आहात का?" तेव्हा खाली हिरवं बटण येतं. ते दाबलं की पुढे बोलते. दाबलं नाही तर तो तास धरत नाहीत.

मुलाच्या वर्गात एकेचाळीस मुलं. रोज प्रत्येकाच्या वहीत वरच्या ओळीत तो स्वतःच्या हाताने एक अक्षर काढून देतो, ज्याला जे जमत नाही ते. कुणाला क, कुणाला ळ. संध्याकाळचे दोन तास त्यात जातात. वह्या आणि फोनमधली बाई एका वेळी होईनात. मग फोन साखरेच्या डब्याला टेकवून त्याच्यासमोर मी बसायला लागले. तो म्हणाला, "आई, खाली हिरवं आलं की दाब. बाकी कशाला हात लावू नकोस." बाई विचारायची, "आपण उपस्थित आहात का?" मी म्हणायचे, "आहे गं बाई, गुडघे कुठे जाऊ देतात?" आणि दाबायचे. मुलगा वहीतून मान वर न काढता हसायचा. असे चाळीस तास झाले. त्यातले चौतीस मी बसले. तो अर्ध्या कानाने ऐकायचा, मी दोन्ही कानांनी.

अक्षर न येणारी बाई शिक्षकांच्या प्रशिक्षणात पहिल्या बाकावर, अशी आमच्या घरात थट्टा होती. मी म्हणायचे, "तू रिटायर झालास की तुझ्या जागी मलाच घेतील." तो म्हणायचा, "आधी तुला पहिलीत घालतो." रिटायर झाल्यावर मला लिहायला-वाचायला शिकवायचं, असं त्याचं ठरलं होतं. त्याला दोन वर्षं आहेत. ते अजून ठरलेलंच आहे.

कालचा नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी पावणेचारला तो एका मुलीच्या घरी गेला. ती त्याच्या वर्गातली, पाय मोडून पडली आहे. दर रविवारी तो तिला तासभर शिकवून येतो. जाताना फोन डब्याला टेकवून, चालू करून गेला. म्हणाला, "आलोच." थोड्या वेळाने बाई काहीतरी बोलली आणि गप्प झाली. पडद्यावर लिहिलेलं आलं, खाली हिरवं आलं. मी दाबलं. लगेच दुसरं लिहिलेलं आलं, खाली हिरवं. ते दाबलं. मग तिसरं. मला वाटलं, आज हिला माझा भरवसा राहिलेला नाही, सारखी हजेरी घेते आहे. मी म्हटलं, "आहे गं, आहे गं, आहे गं." किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. शेवटी छोटीशी शिट्टी वाजली आणि पडदा लाल झाला. मी उठून भांडी घासली. मुलगा पाच वाजता आला. त्याने विचारलं, "काही आलं होतं का?" मी म्हटलं, "पुष्कळ आलं. सगळं दाबलं." तो "बरं" म्हणाला. बाई गप्प होती म्हणून फोन खिशात टाकला आणि वह्या घेऊन बसला.

बुधवारी सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मी तिथे नव्हते. जे सांगते ते नंतर कळलेलं आहे. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांची नावं आणि गुण लावले. प्रशिक्षण देणाऱ्या मुलीने ते मोठ्याने वाचले. माझ्या मुलाचं नाव शेवटचं होतं. तीसपैकी शून्य. हॉलमध्ये दोनशे माणसं होती. कोणीतरी हसलं. चौदाव्या तासाला फोनमधल्या बाईने सांगितलं होतं की शिकणाऱ्याचे गुण चारचौघांत जाहीर करू नयेत, त्याचं मन मोडतं. हे मी ऐकलेलं आहे. आणखी कोणी ऐकलं होतं का, ते मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "आई, मी नापास झालो." मी पोळ्या लाटत होते. विचारलं, "किती पडले?" म्हणाला, "शून्य." मी म्हटलं, "एकोणतीस वर्षं लोकांच्या पोरांना शून्यं वाटलीस, एक परत आलं तर एवढं काय?" तो हसला. हसला म्हणून मी आणखी बोलले. "मला बसवलं असतंस तर एखादा तरी मार्क आणला असता," असं म्हटलं. तो हसायचा थांबला नाही. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खरंय." आणि जेवला. दोन पोळ्या जेवला.

गुरुवारी शाळेत त्याला पत्र मिळालं. सोमवारपासून पहिलीचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे, आणि याने सामानाच्या खोलीत बसून खडू, नकाशे, बाकं यांची यादी करायची. पत्राचं तो घरी बोलला नाही. ते शुक्रवारी नातीला त्याच्या उशीखाली सापडलं. गुरुवारी संध्याकाळी तो वह्या घेऊन बसला. रोज एक ओळ काढतो, त्या दिवशी एकेका मुलाला पाच-पाच पानांवर अक्षरं काढून देत होता. मी म्हटलं, "आज काय एवढं?" म्हणाला, "पुढचं काढून ठेवतो." मी म्हटलं, "परीक्षेच्या आधी एवढं केलं असतंस तर." त्याने पुढची वही ओढली.

वह्यांची पिशवी शुक्रवारी सकाळी शाळेच्या दाराशी टेकवून ठेवलेली शिपायाला मिळाली. एकेचाळीस वह्या होत्या. म्हणजे दारापर्यंत तो गेला होता.

त्याने घरी ठेवलेल्या वस्तू: फोन, घड्याळ, लाल पेन. नेलेल्या वस्तू: अंगावरचे कपडे व चष्मा. तो चष्मा फक्त वाचायला लागतो. ज्याला पुढे काही वाचायचं नाही तो चष्मा नेत नाही, असं माझं म्हणणं आहे. हे जबाबात घ्यायची गरज नाही, असं हवालदार म्हणाले. मी घ्यायला लावलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ती प्रशिक्षण देणारी मुलगी आमच्या घरी आली. ती पहिलीला माझ्याच मुलाच्या हाताखाली होती. आधी चहा नको म्हणाली, मग घेतला, आणि हातात तसाच धरून बसली. म्हणाली, "आजी, सरांना शून्य कसं पडेल? मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी यादी वाचत गेले." मग तिने तिच्या यंत्रात बघून सांगितलं की सरांनी चाळीस तासांनंतरची परीक्षा त्या रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू केली आणि चार सोळाला संपवली. तीस प्रश्न, एकाही उत्तराला हात लावलेला नाही. फक्त 'पुढे' दाबत गेले.

मी विचारलं, "ते 'पुढे' कोणत्या रंगाचं असतं?"

ती म्हणाली, "हिरवं."

पावणेचार ते पाच माझा मुलगा त्या पाय मोडलेल्या मुलीच्या घरी होता. तिच्या आईला विचारून घ्यावं.

त्या पोरीला मी सगळं सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, "आजी, सरांनी नुसता हात वर करायचा होता. मी परीक्षा दिलीच नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी तिथल्या तिथे परत घेतली असती. उत्तर येत असेल तर हात वर करायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं." मी म्हटलं, "हात वर केला असता तर पुढचा प्रश्न आला असता ना, मग दिली कुणी?"

म्हणजे हॉलमध्ये, भिंतीवर शून्य बघताना, कोणी दाबलं हे त्याला कळलेलं होतं. बुधवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटताना बोलले तेव्हाही माहीत होतं. गुरुवारी बोलले तेव्हाही. त्याने मला सांगितलं नाही. यापेक्षा जास्त या मुद्द्यावर मला सांगता येत नाही.

माझ्या मुलाने परीक्षा दिलेली नाही व तो नापास झालेला नाही. परीक्षा मी दिली. ते शून्य त्याच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहावं. मला कधी शाळेत घातलं नाही, त्यामुळे माझ्या नावापुढे कुठलाच आकडा नाही. तिथे जागा मोकळी आहे. चौतीस तास त्याच्याऐवजी मी बसले, हाही गुन्हा असेल तर माझाच धरावा. तसं पत्र शाळेला जावं. आणि तो जिथे कुठे असेल तिथे त्याला हे कळेल अशा रीतीने पेपरात द्यावं, की आईला समजलं आहे, आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, घरी ये.

साठ तास भरले तर परीक्षा परत देता येते, असं त्या पोरीने सांगितलं. वीस तास राहिले होते. "ते सरांनी स्वतः बसायला हवेत," असंही ती म्हणाली. शनिवार दुपारपासून मी अकरा भरले. फोन आत्ता नातीच्या मांडीवर चालू आहे. तो येईल तेव्हा तास कमी पडायला नकोत. नात मला थांब म्हणते. हवालदारही म्हणाले, "आजी, हे चालणार नाही." चालणार नाही हे मला कळतं.

वरील जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एकदा फोनमधल्या बाईने "आपण उपस्थित आहात का?" असं विचारलं, तेव्हा वाचन थांबवून मी दाबलं, मग पुढे वाचलं. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. त्यांनी शाईची डबी पुढे करून डावा अंगठा मागितला. मी म्हटलं, "उजवा घ्या. ते उजव्याने दाबलं होतं." नियम डाव्याचा असल्याने डावा घेतला आहे. त्याच्या शेजारी, माझ्या विनंतीवरून, उजवाही घेतला आहे.