दोघींची कयाक

गाइड : मागच्या ताई, उलटं काय वल्हवताय? खारफुटीच्या मुळांत घुसाल!

थोरली : अगं, वेड लागलंय का तुला? पुढे चल!

धाकटी : मी परत चाललेय. दादा, आमची कयाक वळवून द्या.

गाइड : इथं वळायला जागाच नाही. त्यात ओहोटी लागलीय, मागची वाट उथळ झाली असेल. आता पुढून वळसा घेऊनच धक्क्याला जायचं.

धाकटी : मग फोन तरी लागेल?

गाइड : या खारफुटीत? छे!

धाकटी : वा, ताई! जागा बरी हेरलीस. वाढदिवसाची भेट म्हणे! मला इथे डासांपुढे आणून बसवलंस, आणि तिकडे भावोजी आईला वृद्धाश्रमात पोचवतायत.

थोरली : वृद्धाश्रम नाही तो. चोवीस तास नर्स असते तिथे. आणि सांगितलं ना तुला आत्ता?

धाकटी : आईची गाडी निघाल्यावर!

थोरली : आधी सांगितलं असतं तर दारात आडवी पडली असतीस. बाई ठेवली, तर तिलाही आठवड्यात पळवून लावलंस.

धाकटी : खेकसायची ती आईवर.

थोरली : आणि तू नाही खेकसत? आई न्हाणीघरात पडली तेव्हा हाका मारून मारून तिचा घसा बसला. तू मेल्यासारखी झोपली होतीस.

धाकटी : एकदा डोळा लागला माझा! एकदा! तू काय, पाहुणीसारखी येतेस, फळं ठेवतेस, आईला बिलगून फोटो काढतेस आणि चालती होतेस. सरक, मीच वळवते.

(धाकटी जोरात वल्हं मारते. कयाक तिरकी होऊन मुळांत रुतते.)

थोरली : बुडवतेस की काय!

गाइड : हलू नका! उठायचं तर अजिबात नाही. दोघींनी वल्हं मुळाला टेकवा आणि एकदमच रेटा.

थोरली : रेट ना गं!

धाकटी : हुकूम सोडू नकोस मला.

गाइड : बाई, भांडण धक्क्यावर करा. पाणी कुणासाठी थांबत नाही. हं, रेटा!

थोरली : सुटली... सुटली बाई.

धाकटी : मग वल्हव आता. बघत काय बसलीस?

थोरली : आईच म्हणाली मला.

धाकटी : काय म्हणाली?

थोरली : "धाकटीला त्या दिवशी लांब कुठेतरी ने. ती समोर असली तर माझा पाय निघायचा नाही."

धाकटी : खोटं.

थोरली : आईची शपथ.

धाकटी : तिची शपथ घेऊ नकोस. निदान आज तरी.

थोरली : "तिचं आयुष्य माझ्या खाटेला बांधलंय," म्हणाली. रडत होती गं.

धाकटी : मला नाही कधी म्हणाली.

गाइड : उजवीकडे घ्या. पुढे खाडी मोकळी आहे.

धाकटी : जेवताना तिच्यासमोर बसेल का कुणी तिथे?

थोरली : बसेल की कुणीतरी.

धाकटी : नुसतं बसून भागत नाही. "तू जेवलीस का?" असं विचारते ती. समोरचं माणूस "हो" म्हणेपर्यंत घास उचलत नाही.

थोरली : हे मला कसं माहीत नाही?

धाकटी : तू समोर बसून फोन बघत असायचीस. ताट तसंच आत यायचं. तू गेल्यावर मी तिला पुन्हा वाढायचे.