चहात गेलेली तीन हजार वर्षं

इनालुक : आत्या, हसू नकोस. खरं सांग, शाळेच्या पायरीवर ठेवलेला बर्फ कुठं गेला?

तुकुमेक : कुठं जाणार? शाळेच्या चहाच्या किटलीत. अर्धा कप तूच प्यायलीस की आत्ता!

इनालुक : अगं, तो चहाचा नव्हता! दोन महिने ग्रीनलंडच्या मधोमध तंबू ठोकून, खोल भोक पाडून काढलेला. तीन हजार वर्षांपूर्वीचा!

तुकुमेक : मग तशी चिठ्ठी लावायचीस. दाराबाहेरचा बर्फ म्हणजे चहाचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं इथं. राजधानीत, नूकला चार वर्षं नळाचं पाणी प्यायलीस आणि विसरलीस?

इनालुक : आत उबेला वितळेल म्हणून पेटीतून काढून बाहेर ठेवला. माझाच गाढवपणा.

तुकुमेक : चहा मात्र फक्कड झाला होता हं.

इनालुक : आत्या! दहा मिनिटांत वर्ग आहे, दुपारी माझं विमान. लहानपणी आठवतं ना, परके संशोधक यायचे, बर्फ मोजायचे, निघून जायचे. आम्ही खिडकीला नाक लावून बघायचो. वाटायचं, बर्फ आपला, पण त्यातली विद्या त्यांची. या पोरांना तसं वाटू नये म्हणून आले मी. आता काय रिकामी पेटी दाखवू?

तुकुमेक : डोळे पूस आधी. काय दाखवणार होतीस त्यात?

इनालुक : बुडबुडे. जुन्या काळची हवा, आत कोंडलेली.

तुकुमेक : एवढंच? तुझ्या काकांनी कालच हिमनग फोडून घसरगाडीभर बर्फ आणलाय. तो काय कालचा आहे?

इनालुक : जुनाच असणार. पण त्याचं वय कुणाला ठाऊक?

तुकुमेक : माझं तरी कुणाला ठाऊक आहे? म्हणून काही अडलंय का? नाही ना! चल, कप उचल. सगळे घे.

(थोड्या वेळाने, वर्गात. प्रत्येक मुलापुढे पाण्याचा कप, त्यात बर्फाचा खडा.)

इनालुक : कप कानाशी धरा. पिपालुक, काय ऐकू येतं?

पिपालुक : तडतड. ताई, हे तर आमच्याकडे रोजच होतं, आई बर्फ टाकते तेव्हा.

इनालुक : ती आत अडकलेली हवा सुटतेय. तुझ्या पणजोबांच्याही कितीतरी आधीची.

पिपालुक : रोज?

इनालुक : रोज.

तुकुमेक : अगंबाई! साठ वर्षं किटलीशी उभी आहे मी. कुणी बोललं नाही ते!

पिपालुक : मग ताई, तू तंबूत कशाला राहिलीस? बर्फ तर इथंही आहे.

इनालुक : तिथं बर्फाचे थर एकावर एक असतात. दर वर्षाचा एक. वरून मोजत गेलं की वय कळतं. या खड्याचं मला नाही सांगता येत.

पिपालुक : थर मोजायला आम्हाला येईल?

इनालुक : येईल की. पण पेटी रिकामी आहे गं, आणि दुपारी माझं विमान.

पिपालुक : मग थर फळ्यावर काढ ना. दुपारला वेळ आहे.